ऐंशी वर्षांनी आलेलं सुतक

कंग्राळीत लग्न ठरलं की पत्रिका छापायच्या आधी अक्काताईला सांगून यायची पद्धत होती. पंचाण्णव वर्षांची म्हातारी, पाठीत वाकलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या. हळद दळायच्या दिवशी जात्याला आंब्याची डहाळी आणि सुपारी बांधून बायका तयारीत बसायच्या, पण अक्काताईचा हात खुंट्याला लागल्याशिवाय जातं फिरायचं नाही. पहिली मूठ तिची, पहिला फेरा तिचा. जिचा नवरा हयात आहे त्या बाईला आमच्या भागात अहेव म्हणतात, आणि अख्ख्या गावातली सगळ्यांत जुनी अहेव बाई ती. तिचा नवरा भरमू १९४३ साली इंग्रजांच्या लढाईवर गेला होता आणि अजून घरी आला नव्हता, एवढीच काय ती त्यात मेख.

लग्न झालं तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि भरमू अठराचा. बेळगावच्या कॅम्पात तो मराठा पलटणीत भरती झाला, एकदा सुट्टीवर आला, एक सुगी घरात राहिला आणि बोटीत बसून गेला. नवरा म्हणून तिच्या वाट्याला आला तो एवढाच. पुढच्या वर्षी इंग्रजीतला कागद आला. पोस्टमास्तरांनी वाचून सांगितलं की इटली नावाच्या मुलखात भरमू सापडत नाही. तिचे सासरे स्वतः आधीच्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले, खमके गृहस्थ. ते म्हणाले, "सापडत न्हाय म्हंजे मेला न्हाय. सून हाय तशी ऱ्हाईल." पुढे सरकारने पेन्शनच्या कागदावर विधवेचा अंगठा मागितला, तेव्हा त्यांनी कागद घेऊन आलेल्या शिपायाला चहा पाजला आणि आमच्यात विधवा कोणी नाही म्हणून परत धाडला.

बारा वर्षं उलटल्यावर मात्र त्यांचाही धीर सुटला. भटजी म्हणाले, दर्भाचा माणूस करू, त्याला अग्नी देऊ, जिवाला गती मिळेल. दर्भ आला, सरपण रचलं, चार माणसं टोप्या काढून उभी राहिली. तेवढ्यात घरामागच्या परड्यातून अक्काताई आली. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. तिने तो दर्भाचा बाहुला उचलला, गोठ्यात नेऊन म्हशीपुढे टाकला आणि बाहेर येऊन म्हणाली, "म्हशीनं खाल्ला. आता काय जाळतासा?"

त्या दिवसापासून गाव तिला खुळी म्हणायला लागलं. आपली माणसं अशीच. एखादी बाई वेडी ठरवली की तिचा विचार करायचं काम वाचतं. मग एका लग्नात हळद दळायला पाच अहेव बाया लागतात त्यातली एक तापाने आडवी झाली, मुहूर्त टळायला लागला आणि कुणीतरी नाइलाजाने अक्काताईला हाक मारली. त्या जोडप्याचं सोनं झालं. वर्षाच्या आत मुलगा, दोन वर्षांत नवी विहीर. खुळी अक्काताई शुभ झाली, आणि तिलाही गावात उभं राहायला एक जागा मिळाली. स्वतःचं मूल नाही, माणूस नाही, दिराचा आईविना पोर महादेव तिने पदराखाली वाढवला. पण जात्यापुढे पहिला पाट तिचा, हे मरेपर्यंत कुणी काढून घेणार नाही अशी तिची समजूत होती. आणि मरताना कपाळ भरलेलं असावं, हिरवं लुगडं नेसून जावं, एवढंच तिचं देवाकडे मागणं होतं.

महादेवचा मुलगा ओमकार बेळगावात एका कॉलेजात इतिहास शिकवतो. इंग्लंडचा इतिहास हा त्याचा खास विषय. कॉलेजच्या फळ्यावर रोजचा दिनविशेष तोच लिहितो. आज अमक्या लढाईला इतकी वर्षं झाली, आज तमक्या राजाने नदीकाठच्या माळावर सरदारांपुढे मान तुकवली, आज तमकी राणी गादीवर बसली. पोरं त्या फळ्याखाली उभी राहून वडापाव खात आणि वर बघतही नसत. त्याच्या दिनविशेषाला खरा श्रोता एकच होता. संध्याकाळी गाडी अंगणात लागली की पुढच्या सोप्यातून अक्काताई विचारायची, "आज कोन गेलं रं?"

जानेवारीत एकदा त्याने सांगितलं, "आज्जी, आजच्या दिवशी इंग्लंडच्या राजाचं मुंडकं उडीवलंतं. पावणेचारशे वर्सं झाली."

"अगं बाई! आनि राणी?"

तिचा प्रश्न नेहमी हाच असे. राजा मेला, सेनापती पडला, की मागे बायको कोण राहिली. ओमकारला ते माहीत नसायचं, मग तो मोबाईलमध्ये शोधायचा. "राणी फ्रान्समधी हुती. तिला बरंच दिसांनी कळलं."

"म्हंजे तवर ती अहेवच की," अक्काताई म्हणाली. "कळल्याबिगार बाई रंडकी हुत न्हाय, ओमकार."

ओमकार खो खो हसला आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्याने हे सगळ्यांना रंगवून सांगितलं. शिकलेल्या माणसाला घरातल्या म्हातारीचं बोलणं गमतीचं वाटतं, त्यातच सगळा घोटाळा आहे.

मग २०२५ चा मे आला. आठ तारखेला युरोपातली लढाई संपल्याला ऐंशी वर्षं पुरी होणार होती. तिकडे इंग्लंडात झेंडे, घंटा, राजवाड्यापुढे संचलन. ओमकारने फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि लिहिता लिहिता त्याला घरातला शिपाई आठवला. तिकडच्या लढाईत पडलेल्यांची नावं आता संगणकावर बघायला मिळतात. त्याने सहज भरमूचं नाव घातलं आणि ते निघालं. इटलीत एका संगमरवरी भिंतीवर इंग्रजांनी ते कोरून ठेवलं होतं. खाली गाव कंग्राळी, जिल्हा बेळगाव, बायकोचं नाव अक्काताई, आणि मृत्यूची तारीख. चव्वेचाळीस सालचा सप्टेंबर.

ओमकारने गावच्या तरुण मंडळाच्या ग्रुपवर भरमूचा पलटणीच्या पोशाखातला, मोबाईलमध्ये टिपून ठेवलेला फोटो टाकला, शेजारी पणतीचं चित्र, खाली 'ऐंशीव्या स्मृतिवर्षात भावपूर्ण श्रद्धांजली'. मग घरी येऊन त्याने बापाला सांगितलं. त्याची मुलगी, म्हणजे ओमकारची बहीण रचना, हिचं लग्न तोंडावर होतं. रविवारी हळद. नवरा मुलगा निपाणीकडच्या बोरगावचा. महादेव म्हणाला, "थोरल्या आईला आत्ताच काय सांगू नगो. लग्न हुंदे. मग बगू सावकाश."

ओमकार व्हय म्हणाला. ग्रुपवर टाकलेलं परत घ्यावं हे त्याला सुचलं नाही. त्यालाही काय बोलायचं, मोबाईलवर शाबासकीचे अंगठे येत होते.

तरुण मंडळाचा परशराम असल्या बाबतीत कधी झोपत नाही. त्या आठवड्यात टीव्हीवर सारखी सीमेवरच्या लढाईचीच बातमी होती आणि पोरांचं रक्त उसळलेलं होतं. आपल्याच गावचा शहीद, तोही ऐंशी वर्षं लपून राहिलेला! सकाळपर्यंत बसस्टॉपवर वीस फुटांचं फ्लेक्स उभं. भाषेवरून भांडण नको म्हणून वर एक ओळ कन्नडमध्ये, खाली मराठी, मध्ये भरमूचा चेहरा, त्याच्या फोटोभोवती झेंडूचा हार, आणि दोन्ही बाजूंना मंडळाच्या पोरांचे गॉगल घातलेले फोटो. शहिदापेक्षा ते मोठे होते.

अक्काताई रोज सकाळी काठी टेकत मारुतीला जायची. त्या दिवशी ती बसस्टॉपपाशी थांबली. तिला वाचता येत नव्हतं. पण तो फोटो तिच्या ट्रंकेत होता आणि नवऱ्याचं नाक तिला ओळखू येत होतं. ती बराच वेळ मान वर करून बघत राहिली. दुधाच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला तरी हलली नाही. मग मारुतीला न जाताच घरी परतली आणि तिने ओमकारला हाक मारली.

"त्येंच्या फोटूला हार का घातलाय?"

ओमकार दाढी करत होता. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून बाहेर आला. "आज्जी, त्यो सत्कार हाय. पोरांनी सत्कार केलाय आबांचा."

"सत्काराला हार गळ्यात घालत्यात. चौकटीला न्हाय."

ओमकारला खोटं बोलता येत नाही हा त्याचा गुण आहे की दोष, मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याने खाली बसून सगळं सांगितलं. भिंत, नाव, सप्टेंबर. शेवटी अक्काताईने विचारलं, "त्या दिशी ऊन हुतं का पाऊस?"

"ते लिवल्यालं न्हाय, आज्जी."

"मग काय लिवलंय," ती म्हणाली आणि आत गेली.

दुपारपर्यंत ही बातमी प्रत्येक चुलीपाशी पोचली. महादेवची बायको मालुबाई वाईट बाई नव्हती. चाळीस वर्षं तिने अक्काताईचे केस विंचरले होते, आजारपणात तिचं सगळं केलं होतं. पण ती आई होती आणि रविवारी तिच्या लेकीची हळद होती. आलेल्या बाया दारातच कुजबुजू लागल्या. शामूची सून दोन वर्षांत रंडकी झाली, तिची हळद कुणी दळली होती? धाकट्या वाड्यातली लेक बाळंतपणात गेली, तिचा पहिला फेरा कुणी ओढला होता? ज्या शेकडो संसारांत सगळं ठीक चाललं होतं त्यांचं नाव कुणी काढलं नाही. ऐंशी वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाची बायको आपल्या पोरींना हळद लावत होती, याची त्यांना आता शिसारी यायला लागली होती, आणि ती लपवायचीही कुणी तसदी घेतली नाही.

बोरगावहून फोन आला. नवऱ्या मुलाचे वडील खुशीत होते. फ्लेक्सचा फोटो त्यांच्याही मोबाईलवर पोचला होता. शहिदाच्या घराण्यातली सून मिळाली म्हणाले. तासाभराने मुलाच्या आत्याचा फोन आला. तिने अभिनंदन केलं आणि मग हळूच विचारलं, "हळदीला पयला हात कुनाचा हाय?"

संध्याकाळी सोप्यात सगळे जमले. मालुबाई चौकटीला टेकून पदराशी चाळा करत उभी. शेवटी महादेवने घसा साफ केला. "थोरल्या आई, तुजं कुंकू पूस असं आमी म्हनत न्हाय. तू हाईस तशी ऱ्हा. फकस्त रविवारी जात्याला हात तेवडा…"

"का रं?" अक्काताई म्हणाली.

"आता आबा… म्हंजे कळलंय न्हवं."

"काय कळलंय? तोंडानं बोल."

महादेवला तिने दूधभात भरवला होता. तिच्यापुढे ते वाक्य त्याला म्हणवेना.

"मग मी बोलती," अक्काताई म्हणाली. "मेला म्हनतासा न्हवं? तर मग घरात सुतक आलं. आज कळलं, आजपासनं दहा दिस. घरातला कर्ता थोरला माणूस गेलाय. सुतकात लगीन लावतासा? आनि मेला न्हाय म्हनतासा, तर मी अहेव हाय, माजा पाट मांडा. दोन्ही कसं मिळंल? बसस्टॉपावर मेलेला आनि घरात जित्ता?"

बरोबर होतं तिचं. ओमकारने खाली मान घातली. मालुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते हॉल, आचारी, मांडव, बोरगावची माणसं, असं सगळं डोळ्यांपुढे येऊन आलेलं होतं.

महादेव उठला तो थेट भटजींकडे गेला. शास्त्राकडे अडलेल्या माणसासाठी वाट असतेच, फक्त कुणाच्या अंगावरून जायचं तेवढं ठरवावं लागतं. भटजींनी पोथी काढली नाही, त्यांना तोंडपाठ होतं. मरणाची बातमी वर्षानंतर आली तर भाऊबंदांना सुतक नाही. ऐकल्याबरोबर डोक्यावरून अंघोळ केली की शुद्ध. बायकोला मात्र तसं चालत नाही. तिला ऐकल्या दिवसापासून पुरे दहा दिवस.

महादेव परत आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता, आणि तो उजळल्याची त्याला लाज वाटत होती. न्हाणीत बादल्या भरल्या. एकेक जण जाऊन डोक्यावरून पाणी ओतून आला. महादेव, मालुबाई, धाकटी पोरं. इंग्लंडचा इतिहास शिकवणाऱ्या ओमकारनेही ओतलं. अर्ध्या तासात भरमूचं सुतक घरातून धुऊन निघालं. उरलं ते सगळं एकट्या अक्काताईचं.

ओमकार परशरामकडे फ्लेक्स काढायला सांगायला गेला. परशराम म्हणाला, सोमवारी आमदारसाहेब त्या रस्त्याने जाणार आहेत, तवर ऱ्हाऊ दे की सर. ओमकार माघारी आला. रागाने भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

अक्काताईने ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली. परड्यात कपडे धुवायच्या दगडापाशी बसली, तांब्यातलं पाणी कपाळावर घेतलं आणि हाताने पुसलं. दुसऱ्या कुणाला जवळ येऊ दिलं नाही. कुंकवाखालची कातडी बाकीच्या चेहऱ्याहून वेगळी निघाली, उजेड न लागलेली, लहान मुलीच्या कपाळासारखी. मग तिने बांगड्या त्याच दगडावर फोडल्या. दोन काचा मनगटात रुतल्या तरी आवाज केला नाही. गोठ्याशेजारच्या खोलीत घोंगडं टाकून बसली.

रचना दोनदा तिथे आली. दुसऱ्यांदा रडतच आली. "आज्जी, मी दुसऱ्या कुनाची हळद लावून घेनार न्हाय. मी आयेला सांगती तसं."

"उंबऱ्याच्या आत येऊ नगो," अक्काताई म्हणाली. "सुतकातल्या बाईला शिवू नी. जा, तुजं बरं हुंदे."

"तुला वाईट वाटत न्हाय?"

"वाटतंय की. लई वाटतंय. पर त्ये तुज्या हळदीला चिकटायला नगो. जा म्हनती न्हवं!"

रचना गेली. तिने आईला काय सांगितलं कोण जाणे, पण रविवारी ती पिवळं नेसून चौरंगावर बसली होती. बावीस वर्षांची पोर, सगळ्या घराशी कशी भांडणार.

रविवारी सकाळी मांडवात बाया भरल्या. जात्याला डहाळी बांधली, सुपारी बांधली. पहिला पाट कुणी घ्यायचा यावरून थोडं मागंपुढं झालं. मग मालुबाईची थोरली बहीण बसली. तिने मूठ घातली, बाकीच्या चौघींनी खुंट्याला हात लावले, जातं फिरलं आणि बायांनी ओवी धरली.

दुसरी ओवी सुरू झाली आणि परड्याकडून आवाज आला.

आधी कुणाला कळलंच नाही. म्हैस ओरडली असं एकीला वाटलं. मग तो आवाज चढला आणि सगळ्यांना ओळखू आला. घरात नुकताच माणूस गेला की बाई जो हेल काढते तो. अक्काताई रडत होती. म्हातारीचं मुसमुसणं ते नव्हतं. चौदा वर्षांच्या पोरीने चव्वेचाळीस साली अंगणात बसून, ऊर बडवून, गावाने धावत यावं म्हणून काढायचा तो हंबरडा होता. तेव्हा तिला तो काढू दिला नव्हता. त्यानंतर तिनेच तो काढला नाही. आता सुतक तिचं एकटीचं होतं, रडायचा हक्कही तिचा एकटीचाच. शास्त्राने तिला दहा दिवस दिले होते आणि ती त्यातला एकही सोडणार नव्हती.

"कुटं पडलास रं माज्या राजा! शेवटाला पानी कुनी पाजलं रं तुला! मला न्हाय सांगितलं रं कुनी, मी नटून हिंडले रं गावभर!"

ओवी थांबली. बोरगावच्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. चौरंगावर रचनाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. महादेव मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. पुढे होऊन तिला गप्प करावं असं त्याला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्याचे पाय उचलले नसते. ओमकार परड्याच्या दारापर्यंत गेला, तिथेच भिंतीला टेकून खाली बसला आणि हुंदके द्यायला लागला.

"हात थांबवू नगासा," मालुबाई रडकुंडीला येऊन म्हणाली. "दळता दळता जातं थांबलं तर वंगाळ हुतंय. दळा गं, पाया पडते, दळा."

कुणीतरी बेंजोवाल्याला खूण केली. त्याने वाजवायला घेतलं, पण चार सूर वाजवून त्याचाही हात आपोआप खाली आला. कारण तेवढ्यात म्हातारीने नाव घेतलं होतं. नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून उभ्या जन्मात कुणी ऐकलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा ती ते टाळायची.

"भरमूऽऽ! भरमू रं! भरमूऽऽ!"

एकदा सुटलं ते मग तिला आवरेना. गल्लीच्या पार टोकापर्यंत ते ऐकू जात होतं, आणि मांडवात पाच अहेव बायका एकमेकींच्या तोंडाकडे न बघता, मान खाली घालून, हळद दळत राहिल्या.